फोनची एकादशी: दशमीपासून पारण्यापर्यंत

ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत ती उलटायची. हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. पाणी सुकलं की भेगा पडतात, मग भाकरी फुगायचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाकऱ्या सलग आठवडाभर चिरत होत्या आणि मी गिरणीवाल्याला बोल लावत होते. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय म्हणे. अत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून म्हणाल्या, "विरी पिठाची न्हाई गेली, तुझी गेलीय. त्या डब्याला काय टेकवून ठेवलंयस ते बघ आधी." शेंगा चटणीच्या डब्याला टेकलेल्या फोनवर एक अनोळखी बाई बिर्याणीला दम देत होती. मला ती बिर्याणी करायचीही नव्हती.

त्या रात्री रागारागात सगळी अॅप काढून टाकली. पाचव्या दिवशी मुलाची शाळा दोन तास आधी सुटली. निरोप फक्त शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. पोरगं गेटपाशी दप्तर घेऊन उभं आणि मी आमच्या शिलाईच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी मोजत बसलेली. संध्याकाळी सगळी अॅप परत आली आणि उपाशी माणूस जेवतो तसं मी रात्री दीडपर्यंत बघत बसले. अत्यांचं म्हणणं एवढंच, "राग आला म्हणून ताट ढकललं तर त्याला उपास म्हणत्यात व्हय? त्याला रुसवा म्हणत्यात."

हे मला फार पटलं. रुसव्याला मुदत नसते आणि नियमही नसतो. उपासाचा दिवस ठरलेला असतो, काय चालतं ते ठरलेलं असतं आणि तो सोडायचा कसा तेही ठरलेलं असतं. एकादशीचं व्रत तर तीन दिवसांचं असतं: दशमीला एकवेळ जेवण, एकादशीला उपास, द्वादशीला पारणं. तेव्हापासून मी सोशल मीडिया याच बेताने सोडते. दोनदा फसले, पण बाकीच्या वेळी जमलं. कसं करायचं ते सांगते.

आधी आठवडाभर नुसतं बघा

पहिल्या आठवड्यात काहीच सोडायचं नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. कोणतं अॅप किती वेळ चाललं आणि फोन दिवसात किती वेळा उघडला, ते तिथे दिसतं. रोज रात्री हा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहा. माझा पहिला आकडा ३ तास १० मिनिटांचा होता. मी आमच्या ह्यांना दाखवला नाही.

आकड्यापेक्षा वेळा महत्त्वाच्या असतात. आमचा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा छोटा कारखाना आहे. दुपारी तीनच्या सुमाराला बायका चहाला उठतात, मशिनी थांबतात आणि माझा हात फोनकडे जातो. दुसरी वेळ रात्री साडेनऊनंतरची, ओटा आवरला की. दिवसभर बघते असं मला वाटायचं, पण खरं म्हणजे भगदाडं ही दोनच होती. तुमची शोधून ठेवा. सगळं पुढचं काम त्या दोन-तीन जागांवरच करायचं आहे.

चालतं आणि चालत नाही

अत्यांना उपासाला काय चालतं हे विचारलं तर त्यांना विचार करावा लागत नाही. भगर चालते, शेंगदाणे चालतात, रताळं चालतं. हळद नाही, हिंग नाही. कोथिंबिरीवरून घरोघरी वेगळं मत असतं, पण त्या-त्या घरापुरता तो वाद कधीच मिटलेला असतो. पोटात भूक असताना वाद घालत बसावं लागत नाही, हाच त्या यादीचा मोठा गुण. फोनचंही तसंच आहे. रात्री पावणेदहाला 'एवढं एकच बघू का' असा प्रश्न पडला तर उत्तर नेहमी 'बघू' असंच येतं. म्हणून उत्तर आधीच, दुपारच्या उजेडात, कागदावर लिहून ठेवायचं.

माझ्या कागदावर 'चालतं'खाली आहे: फोन करणं आणि घेणं, एसएमएस, बँक आणि यूपीआय, शाळेचा ग्रुप सकाळ-संध्याकाळ एकेकदा, कारखान्याच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर. 'चालत नाही'खाली इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबचे शॉर्ट्स, व्हॉट्सअॅपवरची स्टेटस आणि चॅनेल, माहेरचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप. यादीत नसलेलं काही समोर आलं तर ते चालत नाही, असं शेवटी एका ओळीत लिहिलंय.

यूट्यूबचं नाव मी पहिल्या वेळी घातलं नव्हतं. इन्स्टाग्राम बंद म्हणून समाधानाने बसले आणि त्याच दिवशी यूट्यूबवर दोन तास गेले. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, वर वडे, वर बटाट्याचा चिवडा, तसं. एक बंद केलं की मन दुसरीकडून घुसतं, तेव्हा त्या दुसऱ्याचंही नाव आधीच यादीत घाला.

दिवस कोणता धरायचा

पहिल्यांदा एकच दिवस. चातुर्मासाची भाषा करू नका. एकादश्या वर्षाला २४ असतात, अधिक मास आला की २६, तेव्हा संधी चुकली असं कधी होत नाही. ज्यांच्याकडे एकादशी नाही त्यांनी आपला वार धरावा. आमच्या गल्लीत श्रावणी सोमवारवाले आहेत, अक्कलकोटला गुरुवारी जाणारे आहेत. शेजारच्या भाभी रमजानचे शेवटचे दहा दिवस रील्स बघत नाहीत आणि रोज्याच्या नियतीबरोबर त्याचीही नियत करतात. एक जैन मैत्रीण दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांपुरता 'नियम घेते'. आषाढी पौर्णिमेपासूनचा वर्षावास पाळणाऱ्या घरांना तर तीन महिन्यांची चौकट तयारच मिळते. माणूस जे आधीपासून पाळतो त्याच्याच जोडीला हे बांधावं, वेगळा मुहूर्त काढला की तो टिकत नाही.

आमच्यासारख्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: धंद्याच्या हंगामात सुरू करू नका. एप्रिल ते जून युनिफॉर्मचा हंगाम असतो. तेव्हा मी एकादशीला जेवणाचा उपास धरते, फोनचा नाही.

आणि मन आधीच खचलेलं असेल, रात्र-रात्र झोप नसेल, फोनवरची दोन माणसंच तेवढा आधार असतील, तर हे व्रत तुमच्यासाठी नाही. त्या दोन माणसांशी बोलत राहा, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे.

दशमीची कामं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उपास दशमीला नीट लागला तर एकादशी आपोआप जाते.

आधी माणसं. माहेरच्या ग्रुपवर लांबलचक निवेदन टाकायचं नाही. आई, बहीण आणि दोन मैत्रिणींना फोन केला आणि सांगितलं, परवा सकाळपर्यंत काही असलं तर सरळ फोन करा. शाळेसाठी मुलाच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला सांगून ठेवलं, तातडीचं आलं तर मिस्ड कॉल द्या. पहिल्या वेळेचं गेट मी विसरलेले नाही. गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये आपण नसताना आपोआप जाणारा निरोप लावता येतो. मी लिहिते, 'ऑर्डर सकाळी ११ आणि संध्याकाळी ५ वाजता बघितली जाईल. घाई असल्यास फोन करावा.' एकाही शाळेची ऑर्डर यामुळे गेली नाही. उलट घाई असलेले फोन करू लागले आणि मापाच्या चुका कमी झाल्या.

मग फोन. अॅप काढून टाकलं म्हणजे खातं बंद होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एका दिवसासाठी अॅप काढणं पुरतं. आठवडा-महिना असेल तर इन्स्टाग्राम, फेसबुकवर खातं तात्पुरतं बंद करायची सोय सेटिंगमधल्या 'अकाउंट्स सेंटर'मध्ये आहे. फोटो, मित्र सगळं तसंच राहतं आणि परत लॉगिन केलं की खातं जागं होतं. इन्स्टाग्राम असं आठवड्यातून एकदाच बंद करू देतं, म्हणून आज बंद, उद्या चालू, परवा बंद असा खेळ जमत नाही. मला ही अडचण आवडली. फेसबुकचं एक ध्यानात ठेवा: दुसऱ्या एखाद्या अॅपमध्ये तुम्ही फेसबुकने लॉगिन करत असाल तर तिथे शिरताच फेसबुक परत चालू होतं. खातं कायमचं पुसायचा पर्याय शेजारीच असतो आणि त्याला ३० दिवसांची मुदत असते, त्या मुदतीत परतता येतं. पण व्रताच्या भरात तिकडे बोट नेऊ नका. आधी पासवर्ड कागदावर लिहा. तो कागद मी देवघराच्या खणात वातींच्या पुड्याखाली ठेवते.

व्हॉट्सअॅप पुरतं सोडणं आपल्याकडे अवघड आहे, म्हणून त्याचे दात काढायचे. नको ते ग्रुप 'आर्काइव्ह'मध्ये टाका आणि सेटिंगमध्ये ते आर्काइव्हच राहू द्या, नाहीतर नवा निरोप आला की ते पुन्हा वर येतात. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. कॉम्प्युटरवर ऑर्डरी बघायच्या असतील तर फोन चौदा दिवसांत एकदा तरी व्हॉट्सअॅपवर यावा लागतो, नाहीतर जोडलेला कॉम्प्युटर सुटतो.

आणि एक गजराचं घड्याळ घ्या. मधल्या मारुतीच्या बाजारात मिळालं मला. 'गजरासाठी फोन उशाशी लागतो' हे कारण त्याने कायमचं गेलं.

एक मोह सांगते. चातुर्मासात कांदा-वांगं सोडणारे आषाढातल्या नवमीला कांदेनवमी करतात, कांदाभजी, भरली वांगी, सगळं चापून. फोनची कांदेनवमी करू नका. दशमीच्या रात्री शेवटचं म्हणून बसलात तर पहाट होते, आणि एकादशी झोपेत जाते. दशमीला एकभुक्त राहायचं म्हणजे फोनही एकदाच, संध्याकाळच्या दिव्याआधी.

संकल्प

दिवा लागल्यावर हातावर पाणी घेऊन मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात घेतलेला संकल्प मनातल्या मनातच मोडतो. मी म्हणते ते असं: 'आजच्या दिवेलागणीपासून द्वादशीच्या पूजेपर्यंत कागदावर लिहिलेलं मी उघडणार नाही. शाळा, कारखाना आणि आजारपण एवढ्याला सूट. हा वेळ सिद्धेश्वराला.' आणि पाणी ताम्हनात सोडायचं.

शेवटचे तीन शब्द सोडू नका. 'फोन वाईट आहे' हा संकल्प होत नाही, तो पुन्हा रुसवा झाला. वेळ कुणाला दिला ते सांगितलं की तो माझा उरत नाही, आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना माणूस जरा थबकतो.

'डिजिटल उपवास सुरू' असं स्टेटस टाकू नका. मी टाकलं होतं. मग किती जणांनी बघितलं ते मोजायला चार वेळा उघडलं. ती माझी पहिली फसलेली एकादशी.

फोन ठेवायचा कुठे? मी देव्हाऱ्यात ठेवायला गेले तर अत्या म्हणाल्या, "देवाला कशाला त्याची कटकट?" आता तो बाहेरच्या खोलीत शिलाईच्या मशिनीवर असतो, आवाज पूर्ण मोठा. फोन वाजला की उठून जायचं, उभ्याने बोलायचं, तिथेच ठेवून परत यायचं. जुन्या लँडलाइनसारखं.

एकादशी

सकाळ सोपी जाते. पूजा, डबे, कारखाना. खरी एकादशी दुपारी तीनला लागते. चहा आला की अंगठा आपोआप पदराखाली हलतो, खरंच हलतो, मी बघितलंय. त्या क्षणी जप करा असं लोक सांगतात. मला तेव्हा जप जमत नाही, मन फार उड्या मारतं. हाताला काम दिलं की जमतं. म्हणून दुपारसाठी मी काजं-बटणाचा ढीग राखून ठेवते.

यात आपल्या गावाची शिकवण आहे. सिद्धरामेश्वर, म्हणजे माझ्या संकल्पातले सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी, कानडीत वचनं रचणारे वचनकार. देवळाला वेढून असलेलं तळं त्यांनी लोकांना बरोबर घेऊन खोदलं. शरणांच्या, म्हणजे या शिवभक्त संतांच्या, परंपरेत याला कायक म्हणतात, श्रम हीच पूजा. तळं खणणाऱ्याचा हात रिकामा नसतो. रिकाम्या हाताने बसून फोनचा विचार टाळायचा प्रयत्न करून बघा, तो दुप्पट येतो. शेंगा फोडा, चटणी कुटा, कपाट काढा. हात गुंतले की अर्ध्या तासाने जप आपणहून ओठावर येतो.

संध्याकाळी चालायला जा. तळ्याकाठी जा, नाहीतर सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांपैकी आपल्या भागातलं एखादं शोधा. यण्णीमज्जनाला, म्हणजे यात्रेतल्या तैलाभिषेकाला, नंदीध्वज हे मानाचे उंच ध्वज या लिंगांना जातात म्हणून नावं ऐकून असतो, पण आपल्या बोळाच्या तोंडाशी कोणतं आहे ते मला चाळिशीत कळलं. आतापर्यंत एकोणीस झालीत.

रात्रीचे साडेनऊ हे दुसरं भगदाड. तेव्हा माळ. १०८ मणी, घाई न करता सात-आठ मिनिटांत होतात. पोथीची चार पानं अत्या मोठ्याने वाचतात, मी ऐकते. त्यांचं कानडी वळणाचं मराठी रात्री जास्त कानडी होतं. बारा वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं.

देवाच्या नावाने येणारं

आता जरा नाजूक विषय. माझा फोन काही सिनेमांनी भरला नव्हता. काकड आरतीचं लाइव्ह, कीर्तनाचे तुकडे, स्वामींचे सुविचार, रोज सकाळी साठ-सत्तर शुभ सकाळ. वर 'हा निरोप ११ जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी मिळेल'. देवाधर्माचंच बघतेय, त्यात काय बिघडलं, असं मी स्वतःला समजावत होते. पण कीर्तनाचा चाळीस सेकंदांचा तुकडा संपतो, त्याखाली दुसरा येतो, तिसऱ्याला कुणाची तरी साडी असते. माझा नियम असा: कीर्तन ऐकायचं तर एक, पूर्ण, आधी ठरवलेलं, टीव्हीवर किंवा देवळात बसून. तुकडे चालत नाहीत. अकरा जणांवाला निरोप न पाठवल्याने काहीही होत नाही, हे अत्यांनी स्वतः माहेरच्या बायकांना सांगून टाकलं. "देव काय पोस्टमन हाय काय?" सत्तरीच्या बाईने म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही.

मोडलं तर

उपासाच्या दिवशी चुकून मुलाच्या ताटातला घास तोंडात गेला तर अत्या चूळ भरतात, नमस्कार करतात आणि पुढे चालू. आता मोडलाच आहे तर पुरी-भाजी आणा, असं म्हणत नाहीत. फोनचंही एवढंच. उघडलं, बघितलं, ध्यानात आलं, ठेवला, चूळ भरली. मी खरोखर चूळ भरते, उठून मोरीपर्यंत जावं लागतं तेवढ्यात तलफ जाते. वर एक माळ जास्त. एवढ्यावर विषय संपवा.

पारणं

उपास सोडताना कुणी पुरणपोळीवर तुटून पडत नाही. द्वादशीला पूजा झाली की मी कॉम्प्युटरवर बसते, घड्याळ लावून वीस मिनिटं. मागे जाऊन काय-काय चुकलं ते बघायचं नाही. ज्यांना खरंच काही हवं होतं त्यांनी फोन केलेला असतो. त्या वीस मिनिटांत दोनच कामं: नावाने आलेल्या निरोपांना उत्तर, आणि काढून टाकणं. ज्याची आठवण उपासात एकदाही झाली नाही असं एक पान, एक खातं, एक ग्रुप दर पारण्याला सोडायचा. व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला तर आता सगळ्यांना जाहीर सूचना जात नाही, तेवढं अॅडमिनला कळतं, म्हणून संकोच नको. माझे असे सोळा ग्रुप गेले. सोसायटीचा ठेवलाय, पाण्याची वेळ तिथेच कळते. सोलापुरात नळाची वेळ सोडून कसं चालेल?

पहिल्या सहा एकादश्या झाल्यावर मी श्रावण धरला. तिथे वेगळीच गंमत. दहाव्या-बाराव्या दिवशी तलफ जाते आणि आपण इतरांपेक्षा शहाणे आहोत असं वाटायला लागतं. ह्यांच्या हातातला फोन बघून मी तीन दिवस टोमणे मारले. ते म्हणाले, "तू रील्स बघायचीस तेव्हा निदान गप्प तरी असायचीस." तेव्हापासून संकल्पात आणखी एक अट घातली आहे: घरच्यांना त्यांच्या फोनवरून टोमणे मारणार नाही. मुलाला हे व्रत लावू नका. बघून-बघून तोच एक दिवस मशिनीवर आपला फोन ठेवून गेला, अर्ध्या तासाने घेऊन गेला, मी काही बोलले नाही.

गेल्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेला, भोगीच्या दुपारी त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला आम्ही फोन घरी ठेवून गेलो. सोहळा होतो त्या संमती कट्ट्याभोवती मुंगीला वाट नव्हती. बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज पेलत होते आणि पुढच्या सगळ्यांचे हात वर, हातात फोनचे पडदे. दरवर्षी माझं हेच व्हायचं, एका मुठीत तांदूळ, दुसऱ्या हातात फोन, आणि 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' कानावर पडलं की आधी बटण दाबायचं का आधी अक्षता टाकायच्या हे ठरेपर्यंत सोहळा पुढे गेलेला. यंदा दोन्ही मुठी भरलेल्या होत्या. घामाने तांदूळ तळहाताला चिकटले, झटकून टाकावे लागले.

घरी आल्यावर पुण्याच्या नणंदेचा फोन, फोटो का नाही पाठवले म्हणून. अत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पुढल्या वर्षी ये म्हणावं इकडं," म्हणाल्या आणि ठेवून दिला.